पगार

नात सध्या स्पॅनिश शिकते आहे. परवा वहीतला एक शब्द तिने मोठ्याने वाचला, "पागार", आणि अर्थ सांगितला, "पैसे देणे." मी म्हटलं, "अगं, हा तर आपला पगार!" तिला वाटलं, आजोबा थट्टा करताहेत.

थट्टा नव्हे मंडळी. स्पॅनिश आणि पोर्तुगीज या सख्ख्या बहिणी, आणि हा शब्द दोघींकडे सारखाच आहे. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला. चावी, बटाटा, पाव आले तसाच. आमच्या ठाकुर्लीहून वसई काही फार लांब नाही. तिथे १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेईपर्यंत त्यांचंच राज्य होतं. मराठीत वेतन होतं, फारसीतून आलेले तनखा, मुशाहिरा होते. तरी रोजच्या बोलण्यात टिकला तो पगारच.

मग नातीने मला तो शब्द चालवून दाखवला. 'पागो' म्हणजे मी पैसे देतो, 'पागास' म्हणजे तू देतोस. त्यांच्यात एक म्हणही आहे, जो करतो तोच 'पागा', म्हणजे आपलं 'करावे तसे भरावे'.

इथे मी थबकलो. त्यांच्याकडे हे क्रियापद आहे, म्हणजे देणारा कोणीतरी लागतोच. आपण त्याचं नाम केलं. आपण म्हणतो, 'पगार झाला', 'पगार आला', 'पगार रखडला'. पाऊस यावा तसा तो येतो किंवा येत नाही. देणारा वाक्यातून गायबच!

ही नुसती व्याकरणाची गंमत असती तर हसून सोडून दिली असती. पण मी शिक्षक. आपल्या राज्यात २००१ पासून 'कायम विनाअनुदानित' शाळांचं धोरण आलं. २००९ मध्ये त्यातला 'कायम' हा शब्द काढला, तरी अनुदानासाठी शिक्षकांना पुन्हा पुन्हा आझाद मैदानावर बसावं लागलं. वर्षानुवर्षं फुकट किंवा नाममात्र पैशांत शिकवणारी माणसं त्यांत होती. नोकरी आहे, हजेरीपट आहे, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत, पण पगार 'होत नाही'. असं म्हटलं की कोणाकडे बोट दाखवायचं, तेच कळत नाही.

या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे, आणि तिथे त्याचा अर्थ 'शांत करणे' असा होता. शांती या अर्थाच्या शब्दावरूनच तो निघाला. ज्याचं देणं आहे त्याला देऊन त्याचं मन शांत करायचं, असा हा प्रवास. महिन्याच्या शेवटी वाण्याचं बिल थकलेल्या घरात ज्यांनी दिवस काढलेत, त्यांना हा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

नातीला मी एवढंच म्हटलं, तुझ्या वहीतलं 'पागो' नीट पाठ कर. त्यातला 'मी' फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे येताना वाटेत तोच हरवला.