अठ्ठेचाळीस वर्षांची उधारी

आमचं कडाव रायगड जिल्ह्यात असलं तरी समुद्राशी त्याचं नातं सुकट-बोंबलापुरतंच. इकडे भातशेती, बालदिगंबर गणपतीचं देऊळ आणि पावसाळ्यात दुथडी वाहणारे ओढे. जिल्ह्याचं ठिकाण मात्र अलिबाग. नोकरीत असताना कागदपत्रं घेऊन मी तिथे किती खेपा घातल्या असतील याची गणती नाही. काम झालं की एसटी पकडायची, पेण-खोपोली करत घर गाठायचं. समुद्राकडे कायम पाठ.

आमच्या हिचं माहेर किहीमचं, नारळी-पोफळीच्या वाडीतलं. लहानपणापासून किनाऱ्यावरून तिला खांदेरी-उंदेरी दिसायच्या. पण वाडीतल्या मुलींना होडीत कोण बसवणार? लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती म्हणाली, "अहो, एकदा तिकडे जाऊन येऊ या ना." मी म्हटलं, "जाऊ की!" ते साल १९७७.

पुढे दर वर्षी माझ्याकडे कारण तयार. कधी पेपर तपासायचे आहेत, कधी मुलं लहान आहेत, कधी वाराच फार आहे. खरं कारण वेगळंच होतं, आणि ते मी तिला कधी सांगितलं नाही. मला पाण्याची भीती वाटते. आठवीत असताना पुरात पाय घसरून मी वाहून गेलो होतो. एका कातकरी बाबाने केसांना धरून बाहेर काढलं. तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझी छाती धडधडते.

गंमत अशी की याच मास्तराने तीसेक वर्षं मुलांना खांदेरीची लढाई रंगवून सांगितली. १६७९ साली शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला घेतला. बेट मुंबईच्या तोंडाशी, म्हणून इंग्रज बिथरले. त्यांची मोठी जहाजं उथळ पाण्यात अडायची आणि मायनाक भंडारीच्या माणसांना आपल्या छोट्या होड्या रात्री-अपरात्री रसद पोचवायच्या. ऑक्टोबरातल्या लढाईत तर इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं गलबतच आपल्या हाती लागलं. पुढे १६८० च्या जानेवारीत सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावून तिथे तटबंदी उभारली आणि दोन बेटांमधून तोफा धडाडू लागल्या. फळ्यावर खडूने दोन गोल काढून हे सारं सांगताना माझा आवाज चढायचा. मुलांना वाटायचं, गुरुजी आरमारातच होते!

असो. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. टीव्हीवर नावं वाचत होते. खांदेरीचं नाव आलं. ही तांदूळ निवडत बसली होती. मान वर करून तिने पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. हिला काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपायची, असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्या दिवशी ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर थंडी पडल्यावर भाच्याच्या गाडीने आम्ही थळला गेलो. भाच्याने होडी आधीच ठरवून ठेवली होती. चढताना माझे पाय लटपटत होते. तांडेल हिला म्हणाला, "बस गो बाय, घाबरू नको, दर्या आज शांत हाय." घाबरलं कोण होतं ते मलाच ठाऊक!

इंजिन सुरू झालं तशी मी फळी घट्ट धरली. किनाऱ्यावरची माडांची रांग बुटकी होत गेली. उंदेरी जवळ आली. पडझड झालेला तट, त्यावर माजलेली झाडी. तिथे होडी लावणं अवघड, म्हणून बाजूनेच पुढे गेलो. ही डोळे बारीक करून पाहत होती आणि मध्येच विचारत होती, "तो बुरूज का हो? आणि ते पांढरं काय?" मी सांगत होतो. सांगता सांगता माझा हात फळीवरून कधी सुटला ते कळलंच नाही.

खांदेरीला उतरलो. वर १८६७ सालचं दीपगृह आहे. गुडघ्यांमुळे आम्ही तो नाद सोडला. कोळ्यांच्या वेताळाला नमस्कार केला, गाड्यांवर चढवलेल्या तोफा पाहिल्या. मग भाच्याने एक खडक दाखवला. त्यावर दगड आपटला की भांड्यासारखा आवाज येतो. हिने हातात गोटा घेतला आणि ठण्णकन मारला. मग आणखी एकदा. मग आणखी एकदा. शाळेची घंटा हाती लागलेल्या पोरासारखी हसत होती. बघायला नजर लागते, याला काही लागत नव्हतं.

परतताना वारा सुटला, होडी हलू लागली. मी पुन्हा फळी धरली आणि एकदाचं बोलून टाकलं, "मला पाण्याची भीती वाटते गं. म्हणून इतकी वर्षं..."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "सासूबाईंनी लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं. केस धरून काढलं होतं ना?"

"मग दर दिवाळीला का विचारायचीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून."

यावर काय बोलणार? मुलांना मी नेहमी सांगायचो, उत्तर येत नसेल तर तसं सांगा, छडी मारणार नाही. स्वतः मात्र अठ्ठेचाळीस वर्षं कोरा पेपर देत राहिलो. थळ येईपर्यंत तिने माझा हात धरून ठेवला होता. उतरल्यावर तांडेल म्हणाला, "गुर्जी, आता भरती बघून उंदेरीला नेतो."

हिने लगेच तारीख विचारून घेतली.