तुलूझचा धनुर्धर

पुणे

चि. रेवा हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तुलूझच्या स्मारकाचा फोटो पोचला. खडकाला पाय रेटून धनुष्य ताणणारा तो हेराक्लीस, आणि शिल्पकार आंत्वान बूर्देल. पण रग्बीवाल्याच्या स्मारकावर ग्रीक वीर कशाला, हा तुझा प्रश्न रास्त आहे.

ते स्मारक आल्फ्रेड मेसोनिएच्या नावाचं. तो तुमच्या तुलूझजवळच्या लाव्हेर्नोझ गावचा, जन्म 1884चा. स्ताद तुलूझँ क्लबचा हाफबॅक. 1912 साली हा क्लब एकही सामना न हरता पहिल्यांदा फ्रान्सचा विजेता झाला, त्या संघात तो होता. देशाकडून मात्र तीनच सामने खेळला. शेवटचा 1 जानेवारी 1910ला, स्वान्सीत वेल्सविरुद्ध. 49-14 असा सपाटून मार खाल्ला! खाणारच, फ्रान्सकडे धड पंधरा माणसंही नव्हती. पॅरिसच्या एका चित्रदालनात नोकरी करणाऱ्या जो आंद्यूराँला ऐनवेळी उचलून नेलं होतं.

ऑगस्ट 1914मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि 6 सप्टेंबरला, मार्नच्या लढाईत, व्हर्दूनजवळच्या ओश गावापाशी मेसोनिए मारला गेला. वय तीस. या युद्धात गेलेला फ्रान्सचा पहिला आंतरराष्ट्रीय रग्बीपटू तो. आंद्यूराँही त्याच वर्षी गेला. चार वर्षांत असे वीसहून जास्त गेले.

पुढे पॉल व्हुआव्हनेल या रग्बीवेड्या डॉक्टरांनी स्मारकाचा ध्यास घेतला आणि 1925 साली ते उभं राहिलं. मेसोनिएसोबत युद्धात गेलेल्या सगळ्याच खेळाडूंसाठी. मूर्ती मात्र नवी घडवलेली नाही. बूर्देलने हा हेराक्लीस 1909मध्येच केला होता, मेसोनिए मैदानावर होता तेव्हा.

मला यातलं सर्वांत चटका लावणारं वाटतं ते निराळंच. या मूर्तीसाठी द्वायाँ-पारिगो नावाचा लष्करी अधिकारी उभा राहिला होता. ती पोझ फार वेळ धरवायची नाही. शिवाय आपण ओळखू येता कामा नये, अशी त्याची अट. म्हणून बूर्देलने चेहरा बदलला. हा अधिकारी 1916 साली व्हर्दूनलाच मारला गेला. म्हणजे मेसोनिएच्या नावाने उभ्या असलेल्या त्या दंडाचे, पोटऱ्यांचे स्नायू आहेत त्याच भागात पडलेल्या दुसऱ्या माणसाचे.

मैदानावरचा मर्द तोच रणातला वीर, असली भाषणं तेव्हा पुष्कळ झाली. मला ती पटत नाहीत. रग्बीत ऐंशी मिनिटांनी माणसं घरी जातात.

स्ताद तुलूझँचा सामना बघायला जाशील तेव्हा हाफबॅक कोणता ते शेजाऱ्याला विचार. थंडीत कानटोपी घालत जा.

तुझी
आत्या