रिकामा डबा

डाळीचा डबा रिकामा निघाला, कीं आई त्याच दिवशीं घरखर्चाला कात्री लावी. पडवीचें बांधकामसुद्धां थांबे. मी मनांत तिला कृपण म्हणत असें.

परवां सूक्ष्मजंतूंविषयीं वाचतांना ती आठवली. १९६९ सालीं कॅशेल व गॅलंट या शास्त्रज्ञांना उपाशी ‘ई. कोलाय’ जंतूंत रसायनांचे अनोळखी ठिपके आढळले. त्यांना ‘जादूचे ठिपके’ असेंच नांव पडलें. प्रथिनें घडविणाऱ्या रायबोसोमपाशीं अमिनो आम्लाचा वाहक रिकाम्या हातानें आला, कीं ‘रेल-ए’ नांवाचें विकर जीडीपी-जीटीपी या रेणूंना फॉस्फेट जोडून हा संदेश सिद्ध करतें. लागलींच नवे रायबोसोम बांधणें आवरतें घेतलें जातें, आणि शक्ति अमिनो आम्लें घडविण्याकडे वळते. ज्यांना हा इशारा देतां येत नाहीं, ते जंतू उपासमारींतही बांधकामाची तयारी चालूच ठेवतात. आणि पुढें अन्न मिळालें तरी लवकर सांवरत नाहींत.

मीं पुस्तक मिटलें. पडवी आमची अर्धीच राहिली. फी मात्र एकदांही थकली नाहीं. आईला कृपण म्हणणारा मी तिनें राखलेल्या त्याच पैशांवर पदवीधर झालों!