पिवळा दिवा

वाणिज्य शाखेच्या मुलाने मोटारीच्या इंजिनावर लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. आमचा प्रांत म्हणजे जमा-खर्च, ताळेबंद आणि शेवटी हिशेबतपासणी, जिला आम्ही सगळेच ऑडिटिंग म्हणतो. इंजिने, वायरी, ग्रीसचे हात हा इंजिनिअरिंगच्या मुलांचा प्रांत. पण ऑडिटिंगमधला एक धडा मला नीट समजला तो वर्गात नव्हे, गॅरेजच्या खड्ड्यात उभे राहून, गाडीच्या पोटाकडे मान वर करून पाहताना. म्हणून हा खटाटोप.

माझे मामा भाड्याची गाडी चालवतात. बेळगावहून गोव्याच्या विमानतळांवर प्रवासी न्यायचे आणि तिकडून आणायचे, हा मुख्य धंदा. गाडी २०१३ सालची, डिझेलवरची, दुसऱ्याकडून घेतलेली. कर्जाचे हप्ते अजून फिटायचे आहेत. घरात मिळवते ते एकटेच, आणि मामेबहीण डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. २०२४ च्या जुलैत, चोर्ला घाट चढताना, बाहेर धो धो पाऊस आणि डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचे पिवळे चित्र लुकलुकायला लागले. मामांनी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडून गेज ओढले. गेज म्हणजे इंजिनातले ऑईल मोजायची पट्टी. ऑईल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होते. मामा घरी आले. दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लुकलुकू लागला.

मग सल्ल्यांचा पाऊस. एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच सांगितले, “इंजिन ऑईल खातंय. उतरवायला लागणार. साठ-सत्तर हजार धरून चाला.” साठ हजार म्हणजे बहिणीची फी आणि वर कित्येक हप्ते. स्टँडवरच्या मित्रांचा सल्ला एकदम स्वस्त होता. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावा! दोघा-तिघांच्या गाड्यांना तशी पट्टी होतीच. मामांना दोन्ही सल्ले पटेनात. ते म्हणाले, “पट्टी लावली, आणि एक दिवस खरंच ऑईल संपलं, तर मला सांगणार कोण? इंजिन जाम झालं की मगच कळणार की!”

गाडीबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक त्यांनी माझ्यापुढे टाकले. “कॉलेजात जातोस ना? वाच बघू.” माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातले. इंग्रजी वाचताना शब्दकोश अजून हाताशी लागतो. पण त्या रात्री तीन पाने वाचली आणि बऱ्याच गोष्टी उलगडल्या.

पहिली गोष्ट म्हणजे तांबडी किटली आणि पिवळी किटली या वेगवेगळ्या बाबी आहेत. तांबडी ऑईलच्या दाबाची. तिची रचना अगदी साधी. इंजिनाला एक छोटा स्विच बसवलेला असतो. दाब नसला की त्याचे टोक इंजिनाच्या धातूला, म्हणजे अर्थला, जोडलेले राहते आणि दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन दाब आला की जोड सुटतो व दिवा विझतो. म्हणून चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तो दिवा एकदा लागलाच पाहिजे. जुन्या, एकाच वायरच्या स्विचमध्ये ती वायर तुटली, तर दिवा कधीच लागणार नाही आणि आपण खुशीत राहू. आणि तो चालू गाडीत लागला, तर क्षणाचाही विचार न करता इंजिन बंद करायचे. तिथे थांबा, मग चौकशी करा, असा मामला.

पिवळी किटली ऑईलच्या पातळीची. इंजिनाच्या तळाशी ऑईल साठते त्या भांड्याला गॅरेजवाले चेंबर म्हणतात. मामांच्या गाडीत या चेंबरला खालून एक सेन्सर बसवलेला आहे. तो स्वतःला क्षणभर तापवून घेतो आणि निवायला किती वेळ लागतो ते मोजतो. भोवती भरपूर ऑईल असेल तर चटकन निवतो, कमी असेल तर हळूहळू. तापलेला चमचा पाण्यात बुडवला तर लगेच निवतो, ओट्यावर ठेवला तर उशिरा, तसेच. त्याला तीन वायरी. एक वीज आणणारी, एक अर्थची, एक निरोप नेणारी.

आणि मग ते वाक्य. पिवळा दिवा स्थिर लागला तर ऑईल कमी आहे. लुकलुकला तर सेन्सरच्या यंत्रणेत बिघाड आहे. मी ते दोनदा वाचले आणि मामांना मराठीत सांगितले. “मामा, दिवा ऑईल कमी आहे असं म्हणतच नाही. तो म्हणतोय, मला पातळी कळत नाही.”

आमच्या ऑडिटिंगच्या पुस्तकात ऑडिटरच्या मतांचे प्रकार दिले आहेत. हिशेब खरे चित्र दाखवत नाहीत असे त्याची खात्री होऊन म्हणणे, हे प्रतिकूल मत. पुरेसा पुरावाच मिळाला नाही, म्हणून मत देता येत नाही असे सांगणे, हा डिस्क्लेमर. वर्गात आम्ही बहुतेक जण हे दोन्ही एका दमात पाठ करतो, ‘दोन्ही वाईटच’ अशा समजुतीने. पण पहिल्यात कंपनीच्या हिशेबात खोट सापडलेली असते. दुसऱ्यात तपासणाऱ्याच्या हाती कागदच आलेले नसतात. गॅरेजवाल्याने डिस्क्लेमरला प्रतिकूल मत समजून साठ हजारांचा आकडा लावला होता. आणि स्टँडवरच्या मंडळींनी ऑडिटरच्या तोंडाला पट्टी लावायची ठरवली होती.

येत्या रविवारी आम्ही गाडी उद्यमबागेतल्या एका इलेक्ट्रिशियन मेस्त्रींकडे नेली. मेस्त्री कानडी, साठीचे. मामांचे कानडी धंद्यापुरते, माझे गल्लीतल्या मित्रांमुळे जरा बरे, म्हणून दुभाषी मी. मेस्त्रींनी आधी गाडी सपाट जागेवर उभी करायला लावली, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबले, गेज ओढून पुसले, पुन्हा घालून पुन्हा ओढले. ऑईल मध्यावर. मग हसून म्हणाले, “दीपा सुळ्ळ हेळतैति, कड्डी सुळ्ळ हेळंगिल्ल.” दिवा खोटे सांगेल, काडी खोटे सांगायची नाही. मी त्यांना पुस्तकातले वाक्य कानडीत सांगितले. त्यांनी मान डोलावली. “हागादरे दीपानू खरे हेळतैति.” मग तर दिवाही खरेच सांगतोय.

गाडी खड्ड्यावर घेतली. फ्यूज पाहिला, शाबूत होता. सेन्सरचा प्लग काढून, चावी ऑन करून, वीज आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर धरला. १२.२ व्होल्ट! म्हणजे वीज येते आहे, सेन्सरच गेला असणार. मामा नव्या सेन्सरची किंमत विचारू लागले. मेस्त्री म्हणाले, थांबा. त्यांनी वायर जोडलेला एक छोटा बल्ब काढला आणि मीटरच्या जागी लावला. बल्ब जेमतेम तांबूस झाला. अर्थची वायर बोटाने हलवली, तर तेवढाही विझला.

याचे कारण त्यांनी समजावून सांगितले. मीटरला चालायला वीज जवळजवळ लागतच नाही. वायरीतला एक धागा जरी शाबूत असला, तरी तो बारा व्होल्ट दाखवतो. पण काम करायची वेळ आली की त्या एका धाग्यातून पुरेशी वीज जात नाही. मी मनात म्हटले, पासबुकात शिल्लक दिसते, पण चेक वटत नाही!

प्लगपासून चार बोटांवर त्यांनी वायरीचे वेष्टण कापले. आत तांब्याची हिरवी पूड झाली होती. घाटातला चिखल, पाणी आणि स्पीडब्रेकरचे घासणे यांचा तो प्रताप. खराब भाग कापून नवा तुकडा झाळला, वर स्लीव्ह चढवली आणि वायर चेंबरच्या खालून लोंबणार नाही अशी वर बांधली. इंजिन सुरू केले. दिवा शांत. मेस्त्रींचे तेवढ्यावर समाधान नव्हते. गाडी बंद करून त्यांनी मुद्दाम प्लग काढला आणि पुन्हा सुरू केली. दिवा लुकलुकला. प्लग जोडला, दिवा शांत झाला. नुसता शांत दिवा कशाचाच पुरावा नाही, पट्टीखालचा दिवाही शांतच असतो. बिघाड केल्यावर तो ओरडतो, हे पाहिल्यावरच त्याच्या शांततेला किंमत. मजुरी साडेतीनशे रुपये झाली.

डिसेंबरात मामा रात्री गोव्याहून परतत होते. साखळी सोडली, घाट अजून लागायचा होता, आणि पिवळी किटली पेटली. या वेळी लुकलुकत नव्हती, स्थिर होती. मामांनी गाडी थांबवून गेज पाहिले. ऑईल खालच्या खुणेला टेकलेले. डिकीत ठेवलेल्या डब्यातले लिटरभर ऑईल त्यांनी तिथेच घातले आणि घाट चढून सुखरूप घरी आले. सकाळी त्यांनी वहीत किलोमीटर आणि ऑईलची नोंद केली. ती वही मीच आखून दिली आहे. किती किलोमीटरला किती ऑईल लागते, याचा हिशेब आता पहिल्यांदाच घरात आहे, आणि गेज दर रविवारी पाहिले जाते, दिवा चांगला असला तरी.

परीक्षेत डिस्क्लेमरवर टीप आली, तर मी जे लिहीन त्याला किती गुण मिळतील ते परीक्षक जाणोत. स्टँडवरच्या गाड्यांपैकी एका गाडीची काळी पट्टी मात्र निघाली आहे. तिचा मालक परवा मामांना मेस्त्रींचा पत्ता विचारत होता.