प्रत्येकाची एक सकाळ

कोलकात्यात सूर्य साताऱ्याच्या जवळजवळ तासभर आधी मावळतो. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण ते शहर इतकं पूर्वेला आहे की डिसेंबरात पाचच्या सुमारास तिथे दिवेलागण होते. साताऱ्यात त्या वेळी पोरं मैदानावर खेळत असतात. प्रवासाची आखणी करताना वहीच्या पहिल्या ओळीत हेच लिहावं असं मला वाटतं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. पाचला मावळणारा दिवस नाश्तापाणी उरकून दहाला सुरू केला तर हातात काहीच लागत नाही. सहाला बाहेर पडलं तर घाट, फुलबाजार, नदीवरचं धुकं, सगळं आपलं.

आम्ही सहा जण निघालो आहोत. काही शाळेपासूनचे, काही नोकरीत जोडलेले, आता सगळेच पन्नाशी ओलांडलेले. मी पूर्वी त्या शहरात राहून आले आहे, म्हणून वही माझ्याकडे आली. पहिल्याच बैठकीत यादी झाली: व्हिक्टोरिया, कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ, इडन गार्डन्स, सायन्स सिटी. यादीत खोट काहीच नव्हती, फक्त ती आमच्यापैकी कुणाचीही नव्हती. फोनमध्ये दिसली, उतरवून घेतली. अशी यादी हातात घेऊन फिरलं की माणसं गाडीतून उतरतात, फोटो काढतात, पुन्हा गाडीत बसतात, आणि संध्याकाळी कुठलं देऊळ कुठलं हे एकमेकांना विचारतात. इतक्या लांब जाऊन हे करायचं नाही, एवढं माझं नक्की होतं.

म्हटलं, "ही वही मिटते. आता प्रत्येकानं एकच जागा सांगायची, जिच्यासाठी तो दोन रात्री गाडीत काढायला तयार आहे. आणि का, तेही सांगायचं. त्या जागेची सकाळ त्याची. बाकीच्यांनी त्या दिवशी त्याच्या मागून चालायचं."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग आमचा वर्कशॉपवाला म्हणाला, "मला हावडा ब्रिज बघायचाय. पण वरून नाही, खालून."

या माणसाचं आयुष्य एमआयडीसीत लोखंडाला लोखंड जोडण्यात गेलं. तो सांगायला लागला आणि आम्ही ऐकत राहिलो. सुमारे २६,५०० टन पोलाद, त्यातलं २३,००० टन टाटांच्या कारखान्यातलं. एवढ्या सांगाड्यात नट-बोल्ट नाही, सगळं काम रिव्हेटचं. नदीच्या पात्रात एकही खांब नाही. दोन्ही काठांवरून दोन हात पुढे आलेले आणि मधला भाग त्यांनी तोललेला. १९४३ साली, ऐन महायुद्धात, समारंभ न करता तो वाहतुकीला खुला झाला. "आणि त्याची झीज कशानं झाली माहितीये? पानाच्या पिचकाऱ्यांनी. खांबांच्या पायथ्याची पोलादी आवरणं इतकी खाल्ली गेली की फायबरग्लास लावावं लागलं." हे सांगताना त्याला खरोखर वाईट वाटत होतं. त्याच्या सकाळी आम्ही हावड्याच्या धक्क्यावरून बोटीत बसणार आहोत. बोट पलीकडे जाताना तो मान वर करून बघेल आणि मी त्याच्याकडे बघेन. ज्याला एखादी गोष्ट कळते त्याच्या शेजारी उभं राहून ती पाहण्यात जे मिळतं, ते कुठल्याही माहितीपत्रकात मिळत नाही. शहर मित्रांबरोबर बघायचं ते यासाठीच.

पुलाच्या पलीकडच्या टोकाशी, खाली, मल्लिक घाटाचा फुलबाजार भरतो. सहा वाजता जावं लागतं. झेंडूच्या माळा दोरखंडासारख्या वेटोळी करून बांबूला लटकवलेल्या असतात, पिवळ्या वेगळ्या, केशरी वेगळ्या, आणि त्या डोक्यावर घेऊन हमाल चिखलातून धावत असतात. वाटेत उभं राहिलात तर बाजूला सारतात. त्यांचा धंद्याचा वेळ आहे, आपण पाहुणे. कडेला उभं राहायचं.

दुसरी सकाळ आमच्या मराठीच्या बाईंची. हो, मैत्रीण असली तरी आम्ही तिला बाईच म्हणतो, अख्खं गाव म्हणतं. तिला जोडासाँकोच्या ठाकूरवाडीत जायचं आहे. रवींद्रनाथ १८६१ मध्ये त्या वाड्यात जन्मले आणि १९४१ मध्ये तिथेच गेले, हे सगळ्यांना ठाऊक असतं. बाईंचं कारण वेगळं. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे आयसीएस झालेले पहिले हिंदी माणूस. त्यांची सगळी नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि ते निवृत्त झाले ते साताऱ्याचे न्यायाधीश असताना. तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. ज्योतिरिंद्रनाथ या दुसऱ्या भावानं टिळकांचं 'गीतारहस्य' बंगालीत आणलं. "म्हणजे त्या घरात तुकाराम आणि टिळक दोघंही पोहोचले होते," बाई म्हणाल्या, "आणि त्या घरचा माणूस आपल्या गावच्या कोर्टात न्याय द्यायला बसत होता. मला त्या वाड्याच्या पायऱ्या चढायच्यात." यावर कोण काय बोलणार? सकाळ मंजूर झाली.

तिसऱ्या सकाळीवर मात्र बरीच चर्चा झाली, कारण तिथे बघायला काहीच नाही. आमचा इतिहासवेडा मित्र म्हणाला, "मला मराठा खंदक चालायचाय."

१७४२ साली नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांबरोबर बंगालात शिरल्या आणि कलकत्त्याच्या गोऱ्या-काळ्या वस्तीची झोप उडाली. नवाबाची परवानगी घेऊन शहराभोवती खंदक खणायला सुरुवात झाली. काही भाग खणून झाला, पुढचं काम थांबलं. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. १७९९ साली खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला. आज आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र या दोन शास्त्रज्ञांच्या नावांनी तो ओळखला जातो. बागबाजारात एका गल्लीला अजून मराठा डिच लेन म्हणतात. एवढंच उरलं आहे.

मला विचाराल तर सातारकरांनी ही सकाळ चुकवू नये. आपण छत्रपतींच्या राजधानीत राहतो. अटकेपार गेलेल्या घोड्यांच्या गोष्टी ऐकत मोठे होतो. त्याच घोड्यांची बंगालच्या खेड्यांतली आठवण वेगळी आहे. तिथे आई बाळाला निजवताना बर्गी आल्याची भीती घालते. अंगाईत आजही ते मराठे आहेत. जळलेली गावं आणि लुटलेली कोठारं त्यांच्या बाजूनं ऐकली पाहिजेत. आपल्याच इतिहासाची दुसरी बाजू ज्या रस्त्याखाली पुरली आहे, त्यावरून एक सकाळ चालणं हे मी पर्यटन समजत नाही, ते आपलं देणं आहे.

आणि त्याच बंगालनं पुढे काय केलं, तेही मित्रानं सांगितलं. देवघरकडच्या मराठी घरातले सखाराम गणेश देऊस्कर बंगालीत लिहू लागले. त्यांचं 'देशेर कथा' १९०४ साली निघालं, घरोघर वाचलं गेलं, आणि १९१० मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. त्यांच्याच खटपटीनं बंगालात शिवाजी उत्सव रुजला आणि रवींद्रनाथांनी त्यावर कविता लिहिली. ज्यांच्या अंगाईत बर्गी, त्यांच्याच कवितेत शिवाजी महाराज. दोन्ही खरं आहे.

चौथी सकाळ पेणच्या माहेरवाशिणीची. वडील मूर्तिकार, लहानपण शाडूच्या गोळ्यांत गेलेलं. तिला कुमारटुलीला जायचं आहे, उत्तर कोलकात्यातल्या कुंभारांच्या वस्तीत. मी तिथे तासन्‌तास घालवले आहेत, त्यामुळे तिनं मला बसवून सगळं विचारून घेतलं. साचा असतो का? चेहऱ्याला असतो, अंगाला नाही. आधी बांबूचा सांगाडा, मग त्यावर भाताचा पेंढा सुतळीनं आवळून बांधतात. नुसत्या पेंढ्यातच देवीची कंबर, खांद्याचा उतार, वाकलेला गुडघा दिसायला लागतो. त्यावर तूस घातलेली चिकट माती. ती वाळली की भेगा पडतात. पातळ मातीत बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी त्या बुजवायच्या. बोटं वेगळी वळून नंतर जोडतात. डोळे सगळ्यांत शेवटी. "आमच्याकडेही आखणी शेवटीच," ती म्हणाली, आणि आपल्या हातांकडे बघत बसली. लग्नानंतर तिनं मातीला हात लावलेला नाही. डिसेंबरअखेरीस तिथे वसंत पंचमीच्या सरस्वतीची लगबग असते. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना पेंढ्याच्या, बिनडोक्याच्या सरस्वती उन्हाला ठेवलेल्या. एखाद्या कारागिरानं तिला गोळा हातात दिला तर तिची सकाळ दुपारपर्यंत लांबेल. लांबू दे.

पाचव्याला फक्त खायचं आहे, आणि त्यानं ते स्वच्छ सांगितलं. त्याचीही सकाळ तितकीच मोलाची धरली आहे. थंडीत खजुराच्या रसाचा नवा गूळ येतो, नोलेन गुड, आणि त्याचा संदेश त्या दिवसांतच खावा, एरवी तो सुवास नाही. सकाळी कचोरी आणि बटाट्याची रसभाजी, वर जिलबी.

माझी सकाळ मी कॉलेज स्ट्रीटला दिली आहे. जुन्या पुस्तकांचे ठेले, आणि वर कॉफी हाउसच्या उंच छताखाली बसून राहणं.

आता वारांचं गणित. रविवारी कॉलेज स्ट्रीटची बहुतेक दुकानं बंद, म्हणून माझी सकाळ रविवारी नाही. सोमवारी संग्रहालयं बंद: १८१४ साली सुरू झालेलं इंडियन म्युझियम, व्हिक्टोरियाची दालनं, ठाकूरवाडी, सगळीकडे कुलूप. म्हणून सोमवार खंदकाला दिला. रस्त्याला सुट्टी नसते. दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ दुपारी मिटतात. बेलूर भल्या सकाळी, मग बोटीनं पलीकडे दक्षिणेश्वर, असं केलं तर दोन्ही होतात आणि मध्ये गंगाही घडते. तिथे तिला हुगळी म्हणतात, पण बोटीतल्या बायका गंगा म्हणूनच हात जोडतात.

एकाचे गुडघे दुखतात. त्याच्यासाठी दिवसाला एकच चालण्याचा टप्पा ठेवला आहे आणि बाकी मेट्रो. देशातली पहिली मेट्रो याच शहरात १९८४ साली धावली. मार्च २०२४ पासून ती हावड्याहून नदीच्या पोटातून एस्प्लनेडला येते. नदीखालचा बोगदा मिनिटाच्या आत मागे पडतो. पैशांचं सोपं केलं. गाडी, खोली, जेवण एका पाकिटातून, हिशेब आमच्या वर्कशॉपवाल्याकडे. खरेदी ज्याची त्यानं. टीटीएमएम मैत्रीत ठीक असतं, पण दर चहाला नको.

विमानाचा विषय निघाला आणि मागे पडला. पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसनं दोन रात्री आणि मधला सबंध दिवस. मनमाड, भुसावळ, नागपूर, रायपूर, टाटानगर. कापसाची काळी जमीन मागे पडते, भाताची खाचरं सुरू होतात, स्टेशनांवरची लिपी बदलते. देश किती रुंद आहे ते बुडाखालून कळलं पाहिजे. शिवाय सहा जणांना एकमेकांशी इतका सलग वेळ बोलायला एरवी कधी मिळतो? आमच्यातल्या दोघांत गेल्या वर्षापासून थोडं अंतर पडलं आहे. त्यांच्या बर्थ मी समोरासमोर मागणार आहे.

दुपारी मोकळ्या ठेवल्या आहेत, सगळ्याच. यावर बाईंनी हरकत घेतली, "एवढ्या लांब जाऊन झोपायचं?" झोपायचं असं नाही. पण सकाळी जे पाहिलं त्यावर बोलायला, चुकून दिसलेल्या गल्लीत शिरायला, मैदानावर नुसतं बसायला जागा हवी. सगळे तास भरले की माणसं चिडतात आणि मग मैत्रीच मोडते. एक दुपार तेवढी ट्रामला दिली. १८७३ साली घोड्यांनी ओढलेली, १९०२ पासून विजेवर चालणारी ती ट्राम आता मोजक्याच मार्गांवर उरली आहे आणि तीही बंद करण्याचं बोलणं चालू असतं. लाकडी बाक, घंटा, माणसाच्या चालीहून थोडाच जास्त वेग. शहर बघायला याहून बरी बैठक मला माहीत नाही.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. डिसेंबरातली गाडी हवी तर ऑक्टोबरातच तारखा ठरवून बसा, आणि कोलकात्याला जायचं मनात असेल तर ट्राम धावते आहे तोवर जा.