पाचाडचा वाडा आणि आईचे गुडघे

वळकटी गेली आणि चाकांच्या बॅगा आल्या, फिरकीचा तांब्या गेला आणि बाटल्या आल्या. प्रवासाचे सारे सुटसुटीत झाले. तरीसुद्धा सहलीचा बेत निघाला की घरातली वडीलधारी माणसे पूर्वीसारखीच मागे राहतात. "तुम्हांला झेपायचं नाही," असे आपण म्हणतो आणि "नको रे बाबा, तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते," असे ती म्हणतात. दोन्ही वाक्ये दोघांनाही इतकी पाठ असतात की त्यांमागे कुणाची काही इच्छा असेल, हे विचारायचेच राहून जाते.

आमच्या आईची इच्छा रायगड पाहण्याची होती. तिने पुण्यातल्या एका शाळेत तीस वर्षे चौथीचा वर्ग चालवला. चौथी म्हणजे शिवाजीमहाराजांचा इतिहास. जवळजवळ हजार-बाराशे मुलांना तिने राज्याभिषेक शिकवला असेल. पण रायगड स्वतः कधी पाहिला नाही. शाळेची सहल निघे तेव्हा घरात कुणी आजारी असे, नाहीतर आम्ही लहान असू. आता घर मोकळे झाले, तर गुडघे धरले. वय शहात्तर. घराचा एक जिना उतरताना तीनदा कठड्याला टेकावे लागते.

"न पाहिलेलं शिकवत आले रे मी," एवढेच ती एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. मी आणि सौभाग्यवतींनी एकमेकांकडे पाहिले आणि बेत पक्का झाला.

रायगड म्हणजे काही सारसबाग नव्हे. समुद्रसपाटीपासून आठशे मीटरांहून उंच गड, आणि चढायला चौदाशेंहून अधिक पायऱ्या. पण १९९६ साली हिरकणीवाडीतून रोपवे सुरू झाला आणि त्या पायऱ्यांची वाट चार-पाच मिनिटांची झाली. पुष्कळांना वाटते की पाळण्यात बसले की काम झाले. तसे नाही. पाळणा तुम्हांला गडावर नेऊन सोडतो. गड मात्र पायांनीच पाहावा लागतो. वरच्या स्थानकापासून मेणा दरवाजापर्यंत पायऱ्या आहेत, पुढे राणीवसा, राजवाड्याची जोती, मग राजसभा. राजसभेच्या नगारखान्यातून बाहेर पडले की होळीचा माळ, त्यापुढे बाजारपेठ आणि तिथून बरीच चाल केल्यावर जगदीश्वराचे देऊळ व महाराजांची समाधी. जातो तितकेच परत यायचे, हेही विसरून चालत नाही. शिवाय दुखऱ्या गुडघ्याला चढणीपेक्षा उतरण अधिक जाचते.

म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन आईजवळ बसलो आणि विचारले, "सगळं पाहून होणार नाही. एकच पाहायचं ठरवलं तर काय पाहशील?"

आईने फार विचार केला नाही. "राजसभा. समाधीला नमस्कार कुठूनही पोचतो. पण सिंहासन कुठं होतं, ते मला बघायचंय."

आमच्या बेताचा पाया हाच. वृद्ध माणसाला घेऊन जाताना 'काय काय दाखवू' याची यादी करू नये; 'कशावाचून परतायचे नाही' ते विचारावे. एक जागा ठरली की सगळी शक्ती तिच्यासाठी राखून ठेवता येते. बाकी जे पदरात पडेल ते वरकड.

मग दिवस. पावसाळ्यात धुके आणि वारा असला तर पाळणे थांबतात. सहा जूनला राज्याभिषेकदिनी आणि चैत्री पौर्णिमेला पुण्यतिथीच्या वेळी गडावर मुंगीला वाट मिळत नाही. उन्हाळ्यात खडक तापतो. उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही शनिवार-रविवार टाळून मधला वार. मी दोन दिवसांची रजा टाकली. एका दिवसात पुण्याहून जाऊन-येऊन करणारे आहेत, पण ते गुडघे वेगळे.

ताम्हिणी घाटाने निजामपूरवरून पाचाडला उतरलो. दर तासाला गाडी थांबवायची आणि आईने चार पावले टाकायची, हा नेम. आता एक नाजूक गोष्ट लिहितो, कारण ती कुणी लिहीत नाही. आपल्या आया-मावश्या प्रवासात पाणी पीत नाहीत. का, ते त्या सांगणार नाहीत. वाटेत सोय नसेल या धास्तीने सकाळपासून घोटभर चहावर राहतात आणि दुपारी त्यांना घेरी आली की आपण उन्हाला दोष देतो. सौभाग्यवतींनी निघण्याआधीच वाटेतली बरी ठिकाणे हेरून ठेवली होती आणि आईला तशी यादी वाचून दाखवली. त्यानंतर आई पाणी प्यायली. मुक्कामाची खोली ठरवतानाही तीनच प्रश्न विचारले: खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, आणि खाट फार बुटकी तर नाही ना? खिडकीतून देखावा दिसतो की नाही, हे विचारलेच नाही.

पहिला दिवस पाचाडचा. रायगडाला जाणारे पुष्कळ लोक पाचाड ओलांडून जातात, आणि मला वाटते तिथेच फसतात. कारण म्हाताऱ्या आईला घेऊन आलेल्या माणसाने प्रथम जावे ते पाचाडलाच. गडावरची थंड, वाऱ्याची हवा जिजाबाईंना उतारवयात मानवेना, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी गडाच्या पायथ्याशी हा वाडा बांधला, असे सांगतात. आज भिंती, जोती आणि विहिरी उरल्या आहेत. एका विहिरीला तक्क्याची विहीर म्हणतात. महाराजांना टेकून बसण्यासाठी तिथे दगडी तक्क्या आहे. वाड्याचे आवार बरेचसे सपाट आहे. आई काठी टेकत सावकाश फिरली आणि एका जोत्यावर बसून म्हणाली, "बघ, राज्याचा एवढा व्याप, पण आईला वारा सोसत नाही, हे ध्यानात होतं."

जिजाबाईंची समाधीही पाचाडातच. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला, अवघ्या अकरा दिवसांनी, त्या गेल्या. जन्म १५९८चा धरतात, म्हणजे वय शहात्तर. आईने बोटांवर हिशेब केला आणि गप्प राहिली. मग हसून म्हणाली, "माझ्याच वयाच्या की! आणि तेव्हा रोपवे नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर हिरकणीवाडीला गेलो. आईजवळ तळाला रबर असलेली काठी, गुडघ्यांना पट्टे, पायांत नातवाने निवडलेले बूट. माझ्या खांद्यावर घडीचे स्टूल. औषधे दोन ठिकाणी, थोडी माझ्याकडे आणि थोडी हिच्या पर्समध्ये. डॉक्टरांना आधी विचारून त्यांचा कागदही घेतला होता. पाळणा कड्याला लगटून वर चढू लागला तसा आमच्या चिरंजीवांचा चेहरा उतरला. आई मात्र खाली बघत होती. "हिरकणी इथून उतरली म्हणतात, तान्ह्या बाळासाठी. रात्रीची. आणि आपण पेटीत बसून घाबरतोय!"

मेणा दरवाजाच्या पायऱ्यांना आम्हांला पाऊण तास लागला असेल. दहा पायऱ्या, मग स्टूल. दहा पायऱ्या, मग स्टूल. मागून येणारे लोक "आजी, सावकाश," म्हणत पुढे जात. त्यांतल्या एकाने उचलून नेण्याची तयारी दाखवली. मनाने चांगला मुलगा. आई म्हणाली, "देव तुझं भलं करो, पण माझी मी येते." म्हाताऱ्या माणसाला मदत हवी असते, पण किती हवी हे त्याने सांगायचे असते. आपण हात पुढे ठेवावा, दंड धरू नये.

आणि मग राजसभा आली. दोनशे वीस फूट लांब आणि एकशे चोवीस फूट रुंद असे मोकळे पटांगण. एका टोकाला भव्य नगारखाना, दुसऱ्या टोकाला सिंहासनाची जागा आणि तिथे मेघडंबरीखाली महाराजांची मूर्ती. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी गड पेटला, लाकूडकाम जळाले. दगड तेवढा राहिला. २०२५च्या जुलैत मराठ्यांच्या आणखी अकरा किल्ल्यांबरोबर रायगडाचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. हे सगळे मी आईला सांगणार होतो. पण ती स्टुलावर बसली आणि पुष्कळ वेळ काही बोलली नाही.

मग एकदम तिच्या अंगात बाई संचारल्या. नातवाला म्हणाली, "जा त्या नगारखान्यापाशी, आणि अगदी हळू काहीतरी बोल." मुलगा धावत गेला. इतक्या लांबून तो काय पुटपुटला ते आम्हांला स्पष्ट ऐकू आले: "आजी, भूक लागली." आई इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. इथली बांधणी अशी की दाराशी केलेली कुजबुज सिंहासनापर्यंत पोचते. तीस वर्षे ती हे मुलांना सांगत आली होती. आज तिने स्वतः ऐकले.

खरा पेच त्यानंतर आला. होळीच्या माळावर पोचलो तेव्हा आईला हुरूप होता. "समाधीपर्यंत जाऊ या का रे?" मी मनात हिशेब केला: चाल, चढ-उतार, परतीच्या पायऱ्या. 'नको' म्हणावे तर तिचा विरस, 'चल' म्हणावे तर परतताना काय? शेवटी मी फक्त एवढेच केले: वाट बोटाने दाखवली, किती जायचे आणि किती यायचे ते खरे सांगितले आणि थांबलो. आईने वाटेकडे पाहिले, गुडघ्यावर हात ठेवला आणि बाजारपेठेच्या पहिल्या जोत्यांपर्यंत चालत गेली. तिथे बसली. पिशवीतून शेवंतीची फुले काढून नातवाच्या ओंजळीत दिली. "तुम्ही दोघे जा. मी इथून नमस्कार करते."

आम्ही गेलो, फुले वाहिली, परत आलो. सौभाग्यवती आणि आई संत्री सोलत बसल्या होत्या. आल्याबरोबर परीक्षा सुरू: "समाधीचा चौथरा किती कोनांचा?" "आठ." "आणि देवळाच्या पायरीवर कुणाचं नाव आहे?" "हिरोजी इंदुलकर." "शाबास. ज्यानं गड बांधला त्यानं नाव पायरीला मागितलं, हे लक्षात ठेव." आईची समाधी अशी नातवाच्या डोळ्यांनी पाहून झाली.

परतल्यावर दोन दिवस गुडघे शेकावे लागले, हे खरे. पण तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना ती सांगत होती, "मी पाहिलं ना, सिंहासन इथं आणि नगारखाना तिथं."

वाचकहो, दिवाळी झाली की थंडी पडते, वाटा कोरड्या होतात आणि शाळांना सुट्टी असते. तुमच्या घरातल्या माणसाची जागा कदाचित रायगड नसेल; कुणाची पंढरपूर असेल, कुणाची वेरूळ, कुणाचे माहेरचे गाव. फराळाचे ताट पुढे ठेवताना एकदा विचारून पाहा. "नको रे बाबा" असे उत्तर येईल. ते पहिले उत्तर असते. थोडे थांबा, आणि पुन्हा विचारा.