डाळिंब कुठलं? मार्केट यार्डातलं!

मोठ्या शहरातल्या उंची वस्तीत गेलं, की दुकानाच्या काचेच्या दाराशी पाय जरा अडखळतात, हो ना? आत जावं की नको? सांगोल्याहून पुण्याला गेल्यावर माझंही तसंच व्हायचं.

पुण्यातलं कोरेगाव पार्क अशीच झकपक वस्ती. इथल्या गल्ल्या नंबरांनी ओळखतात. जुन्या वडांची गर्द सावली, लोंबत्या पारंब्या आणि नॉर्थ मेन रोडवर कपड्यांची दुकानं, हॉटेलं, बेकऱ्या. कपड्यांची दुकानं मी बाहेरूनच पाहिली. रसाच्या दुकानात मात्र धीर करून शिरले. मेनूकार्डावर आधी उजवीकडचे आकडे वाचले, मग डावीकडची नावं. आपल्या घरची रीतच ती! अनोळखी नावांच्या गर्दीत एक ओळखीचं भेटलं : डाळिंब.

"डाळिंबं कुठली हो?" मी विचारलं.

"मार्केट यार्डातली!" पोऱ्या म्हणाला. जणू तिथंच झाडाला लागतात!

आता गंमत ऐका. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे निघाली, ती आपल्या सांगोल्याहूनच, थेट पश्चिम बंगालमधल्या शालिमारला!

रस पिता पिता मी हिशेब मांडला. बहार धरायचा तर आधी बागेचं पाणी तोडायचं, पानगळ करायची. मग छाटणी, ठिबकचं पाणी, फवारण्या आणि तेल्या रोगाची धास्ती. असे सहाएक महिने. पुढे तोडणी, प्रतवारी, हमाली, आडत, गाडीभाडं. शेवटी दुकानाचं भाडं, वीज, त्या पोऱ्याचा पगार. म्हणजे ग्लासाची किंमत काही उगाच वाढत नाही. पण सगळ्यात आधी पैसे घालतो तो शेतकरी. एका गारपिटीत बाग जाते तीही त्याचीच. मग ग्लासातला त्याचा वाटा केवढा?

हे गणित तुम्हीच सोडवा. घरी किंवा शेजारी कुणाची बाग असेल, तर किलोला काय भाव मिळाला ते विचारा. शहरात गेलात, की दुकानातला भाव पाहा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.

आणि हो, काचेचं दार खुशाल ढकला. भाव विचारून न घेता परत आलात, तरी त्यात लाज कसली? आतला माल कदाचित तुमच्याच गावचा असेल.